चार बोटं डावीकडे

गेली चौदा वर्षं श्यामलाबाईंची गोळी नेमासाठी ठेवलेल्या बोळक्याच्या डावीकडून बरोब्बर चार बोटांवरून जात होती, आणि गेली चौदा वर्षं त्यांचे यजमान श्रीधरराव मागे उभे राहून एकच निदान करत होते. "बंदुकीकडे काय बघतेस? घोडा ओढताना मनगट वळतं तुझं. नाचता येईना अंगण वाकडं!"

स्वतः श्रीधररावांनी आयुष्यात एकदाही बंदूक उडवलेली नव्हती. ते एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. तिथे कॉम्प्युटर आले, ड्रॉइंगबोर्ड गेले, आणि हे स्वेच्छानिवृत्ती घेऊन बिबवेवाडीच्या फ्लॅटमध्ये दिसेल त्या वस्तूचं माप काढत बसले. पण मत द्यायला स्वतःला काही यावं लागतं, असा नियम पुण्यात अजून झालेला नाही.

बंदूक श्यामलाबाईंच्या वडिलांची, दादांची. ठासणीची. नळीच्या तोंडातून आधी दारू, मग चिंधीत गुंडाळलेली गोळी, आणि वरून गजाने ठासायचं. नळीच्या टोकावर एक इवलीशी माशी. मागच्या खाचेतून ती माशी बघायची, माशीवर बोळकं आणायचं, की शिस्त धरली गेली. दादांची मान लहानपणापासून जरा कलती, आणि माशी त्यांनी आपल्या मानेला जुळवून बसवलेली. दादा गेले, परवाना लेकीच्या नावावर झाला, जावयाचंही नाव त्यावर चढलं, माशी मात्र दादांच्याच मानेने बघत राहिली. श्यामलाबाईंना वाटे, दोष आपल्याच मनगटात आहे. चौदा वर्षं तेच तेच ऐकलं की माणसाला काहीही पटतं.

दोन हजार एक साली, गणपतीनंतरच्या सरावात नेमबाजीच्या क्लबातल्या जयसिंगरावांनी सहज ती बंदूक उडवून पाहिली. चार बोटं डावीकडे! श्यामलाबाईंनी नवऱ्याकडे वळून पाहिलं.

"जयसिंगरावांचंही मनगट वळतं," श्रीधरराव म्हणाले.

श्यामलाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "यंदा दसऱ्याच्या नेमबाजीत बोळकं फुटलं नाही, तर दादांची बंदूक पोलिसांत जमा करून टाकीन," त्या चारचौघांत बोलून गेल्या. दादांची तेवढी एकच वस्तू त्यांच्याकडे उरली होती. पण माहेर सदाशिव पेठेतलं. दिलेला शब्द मागे घ्यायची त्या घरात पद्धत नव्हती.

लेक स्वराली सॉफ्टवेअर कंपनीत होती. तिने आईला अंतर विचारलं, नळीची लांबी विचारली, कॉम्प्युटरवर आकडे टाकले आणि सांगितलं, "माशी पावणेदोन मिलिमीटर डावीकडे सरकव."

"डावीकडे? अगं, आधीच डावीकडे जातेय ती!"

"आई, ट्रस्ट मी. मॅथ्स आहे ते."

तेव्हा श्यामलाबाईंना दादांचं बोलणं आठवलं. गोळी जिकडे पळते, तिकडेच माशी ढकलायची. "बाबांना मात्र सांगू नकोस," त्यांनी लेकीला बजावलं.

अष्टमीच्या सकाळी श्रीधरराव झेंडू आणायला मंडईत गेले. ते घासाघीस करून परत येईस्तोवर तासाभराची निश्चिंती. श्यामलाबाईंनी बंदूक मांडीवर घेतली. माशी होती तिथे नळीवर सुईने बारीक रेघ ओढली, म्हणजे चुकलंच तर तिला परत घरी येता येईल. मग खलबत्त्यातला पितळी बत्ता घेऊन माशीला बाजूने हलकेच टोले दिले. चष्मा शोधायला वेळ नव्हता. पट्टी डोळ्यांजवळ धरून पावणेदोन मिलिमीटर मोजलं आणि बंदूक जागच्या जागी ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. पाटावर बंदूक, श्रीधररावांचे गुण्ये आणि स्वरालीचा कीबोर्ड, सगळ्यांना हळदकुंकू लागलं, झेंडूची माळ चढली. पूजेतल्या शस्त्राला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही, त्यामुळे गोळी उडवून बघायची सोयच नव्हती.

दसऱ्याला खडकवासल्याच्या अलीकडे क्लबाच्या माळावर सगळे जमले. प्रत्येकाला तीन गोळ्या. श्यामलाबाईंनी बार ठासला, शिस्त धरली, घोडा ओढला. ढाम्! धूर विरला तरी बोळकं होतं तिथेच.

"चार बोटं," जयसिंगराव बोळक्यामागच्या फळ्याजवळून ओरडले. "पण वहिनी, या खेपेला उजवीकडे!"

श्यामलाबाईंनी चष्मा लावला आणि माशीच्या बुडाशी साचलेलं कुंकू पदराने पुसलं. त्यांची सुईची रेघ दिसली, जरा वाकडीच. पण तिच्याही उजवीकडे, तेवढ्याच अंतरावर, आणखी एक रेघ होती. केसासारखी बारीक, सरळसोट. अशी रेघ ओढणारा हात पुण्यात एकच होता.

"अहो," त्या म्हणाल्या, "ही माशी तुम्ही कधी सरकवलीत?"

"मी कशाला सरकवू? जुनी बंदूक आहे, सरकली असेल," श्रीधरराव आकाशाकडे बघत म्हणाले.

"बरं. मला ती परत पावणेदोन मिलिमीटर उजवीकडे घ्यायचीय. बत्ता घरी राहिला."

श्रीधररावांनी खांद्यावरच्या शबनममध्ये हात घातला आणि छोटी पितळी हातोडी काढून दिली. मग त्यांच्याच लक्षात आलं आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत ते लाल झाले.

"सप्तमीला," ते पुटपुटले. "तू भोंडल्याला गेली होतीस तेव्हा. जयसिंगरावांची गोळी बघितल्यापासून झोप नव्हती मला. चौदा वर्षं उगाच बोललो तुला."

इतका आनंद श्यामलाबाईंना बोळकं फुटूनही झाला नसता. पण फोडायचं तर होतंच. त्यांनी माशी टोले देत आपल्या वाकड्या रेघेवर, म्हणजे नवऱ्याने बसवली होती तिथे, परत आणली. बार ठासला. ढाम्! बोळक्याच्या ठिकऱ्या उडाल्या, जयसिंगरावांनी टोपी उडवली, आणि दादांची बंदूक घरीच राहणार हे ठरलं.

एक गोळी उरली होती. श्यामलाबाईंनी बार भरून बंदूक नवऱ्याच्या हातात दिली. "घ्या. परवान्यावर नाव आहे तुमचं."

नवं बोळकं ठेवलं गेलं. श्रीधररावांनी चष्मा सारखा केला, श्वास रोखला, डोळे गच्च मिटले आणि घोडा ओढला.

"चार बोटं डावीकडे!" जयसिंगराव ओरडले.

श्रीधररावांनी बंदूक खाली घेतली आणि ते माशीकडे निरखून बघत म्हणाले, "मला वाटतं, ही अजून जराशी..."

"अंगण वाकडं," श्यामलाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी हातोडी आपल्या पिशवीत टाकली.