दुसऱ्याच्या हातची काडतुसं

लायल हॉस्टेटरच्या स्वयंपाकघरात मी त्या दिवशी पाय ठेवला आणि दारातच थांबलो. त्याने जेवणाच्या टेबलालाच भोकं पाडून काडतुसं भरायचा हातदांड्याचा प्रेस ठोकून बसवला होता. प्रेसच्या एका बाजूला बारुदीचा उघडा डबा, दुसऱ्या बाजूला अर्धवट खाल्लेलं बोलोनीचं सँडविच, आणि मध्ये कुत्र्याच्या पिसवांचं औषध. सिंकमध्ये कॉफीचे मग होते आणि त्याच पाण्यात उडवून झालेल्या काडतुसांच्या दोनशे पितळी पुंगळ्या, पुन्हा भरण्यासाठी, भिजत पडल्या होत्या. पाणी गटारासारखं काळं झालं होतं.

"ये ये, एमरी! कॉफी टाकू?" त्याने त्यातलाच एक मग उचलला.

"नको," मी म्हणालो. "पिऊन आलोय."

लायल माझ्या बायकोचा, नोरीनचा, धाकटा भाऊ. दोन्ही मनगटांची ऑपरेशनं झाल्यापासून त्याचं कामही सुटलं आणि नेमबाजीही. रिव्हॉल्व्हरचा एक धक्का बसला की रात्रभर विव्हळायचा. त्याची बायको त्याआधीच सोडून गेली होती. "त्याच्या हाताला काहीतरी काम दे रे," नोरीन माझ्या मागे लागली होती. "दिवसभर टीव्हीसमोर बसून कुजत चाललाय तो. तू काडतुसं भरतोस तसं त्यालाही शिकव की."

मी एकतीस वर्षं काडतुसं भरतोय. आमच्या तळघरात, दार लावून. रेडिओ नाही, फोन नाही. जेवायला बोलवायचं झालं तर नोरीन हाकसुद्धा मारत नाही, जिन्यातला दिवा दोनदा उघडझाप करते. भरून झालं की मी कोपरापर्यंत हात धुतो आणि शर्ट बदलतो. शिसं पोटात गेलं की बाहेर येत नाही. माझ्या या सोवळ्याओवळ्याला सगळा गाव हसतो. हसू दे.

तर मी लायलला शिकवायला बसलो. पन्नास पुंगळ्या लाकडी फळीच्या भोकांत उभ्या केल्या, बारूद मापून घातली आणि त्याच्या हातात टॉर्च दिला.

"आता प्रत्येकीत डोकावून बघ," मी म्हणालो. "सगळ्यांत पातळी सारखी दिसली पाहिजे. मगच वर गोळी बसवायची. अडतीस बोअरच्या पुंगळीत जागा भरपूर असते. दुप्पट बारूद पडली तरी बाहेर सांडत नाही, आणि एकदा गोळी बसली की कुणाला कळत नाही."

"मग कधी कळतं?"

"उडवल्यावर."

"हो हो," लायल म्हणाला. त्याचा एक डोळा टॉर्चवर होता आणि दुसरा फुटबॉलच्या सामन्यावर. अंगठ्याला थुंकी लावून त्याने पुंगळ्या मोजल्या. तोच अंगठा सँडविचला लावला, सँडविच तोंडात कोंबलं आणि बोटं पँटला पुसली. बारूद घालता घालता फोन आला तेव्हा तो उठून खिडकीशी गेला, कुणाशी तरी दहा मिनिटं हसला, परत आला आणि म्हणाला, "कुठे होतो रे मी?" मी उत्तर द्यायच्या आत त्याने अंदाजाने बारूद सोडायचा दांडा ओढला.

ती फळी मी तेव्हाच उपडी करायला हवी होती. मी एवढंच म्हणालो, "टीव्ही बंद कर ना." त्याने आवाज कमी केला.

तासाभरात मी पळ काढला आणि घरी येऊन दोनदा हात धुतले. "शिकला का?" नोरीनने विचारलं. मी म्हणालो, "शिकेल."

आमच्या डोंगरात दुसऱ्याने भरलेलं काडतूस कुणी उडवत नाही. सख्ख्या भावाने भरलेलं असलं तरी नाही. हे लहानपणापासून सगळ्यांना ठाऊक असतं आणि तोंडावर कुणीच बोलत नाही, कारण तसं बोलणं म्हणजे एखाद्याच्या घरी जेवायला बसून ताटाचा वास घेणं. कुणी डबा पुढे केला तर आभार मानायचे, घ्यायचा आणि बाजूला ठेवायचा. लायललाही हे माहीत होतं. पण एकदा हातात नवीन खेळणं आलं की माणूस आपल्यापुरता अपवाद करतोच.

तीन आठवड्यांनी तो क्लबच्या चांदमारीवर आला तो पेटीभर डबे घेऊनच. पन्नास पन्नासचे डबे, प्रत्येकावर तारीख आणि ज्याला द्यायचा त्याचं नाव. काखेत एक वही.

"मला आता उडवता येत नाही," तो म्हणाला. "तुम्ही उडवा आणि मला सांगा. मी लिहून ठेवणार. आणि रिकाम्या पुंगळ्या परत द्यायच्या हं, चिंगूसपणा नको!"

पुढच्या शनिवारी त्याने वही उघडली. पहिला बोलला मर्ल. हा मर्ल चर्चमध्ये दानाची थाळी फिरवतो. "लोण्यासारखी गेली रे, लायल!" तो म्हणाला. त्याच्या जॅकेटच्या खिशातून न उघडलेल्या डब्याचा कोपरा मला दिसत होता. मग क्लबचा अध्यक्ष हार्लन. "माझ्यापेक्षा सरस भरतोस गड्या." मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"छान आहेत," मी म्हणालो. लायलने जिभेने पेन्सिल ओली केली आणि लिहिलं: एमरी, पन्नास, दोष नाही.

खरं सांगायचं तर मी त्याचा एक डबा तळघरात नेला होता. दहा काडतुसं फोडून बारूद काट्यावर तोलली. आठ ठीक होती. एकात निम्मीच. एकात दीडपट. आणि त्या ठीक आठांतल्याही एकातून बारुदीबरोबर कुत्र्याचा केस निघाला, चांगला बोटभर लांब. मला शिसारी आली. मी हातमोजे घालून तो सगळा डबा क्लबच्या शेडमागे नेला आणि बिघडलेल्या काडतुसांसाठी तेल भरून ठेवलेली बादली असते, तिच्यात ओतला. ओतताना पाहिलं तर आधीच कुणीकुणी ओतलेली होती. ती बादली हार्लनच रिकामी करायचा, म्हणजे त्यालाही माहीत होतं. आम्ही एकमेकांशी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही.

राहिल्या पुंगळ्या. त्या तर लायलला परत हव्या होत्या. मग मी माझी स्वतःची काडतुसं उडवायचो आणि त्याच रिकाम्या पुंगळ्या त्याच्या डब्यात भरून द्यायचो. बाकीच्यांनीही तेच चालवलं होतं. लायल भिंग घेऊन त्या तपासायचा. फुगलेली नाही, चिरलेली नाही, बुडाशी काळी नाही. "बघ, कशा नितळ आहेत!" तो मला माझ्याच पुंगळ्या दाखवायचा. त्याच्या नखांत काळं साचलेलं असायचं. मला त्याची किळस यायची, आणि त्याच तोंडाने मी म्हणायचो, "वा."

हे वर्षभर चाललं. दर शनिवारी कुणाला ना कुणाला डबा.

लायलची मुलगी शेल्बी अठ्ठावीस वर्षांची. दातांच्या डॉक्टरकडे लोकांचे दात साफ करायचं काम करते. आईबाप वेगळे झाले तेव्हा ती आईकडे गेली होती आणि गेल्या हिवाळ्यात कुठे बापाकडे यायला लागली. एप्रिलमध्ये आमच्या क्लबात बायकांची स्पर्धा असते. बापाला बरं वाटावं म्हणून तिने त्याचंच जुनं रिव्हॉल्व्हर घेऊन नाव दिलं.

त्या सकाळी लायलने दाढी केली होती. त्याने एक डबा बाहेर काढला, त्याला निळी रिबीन बांधलेली.

"चार हजार झाली, एमरी," तो मला बाजूला घेऊन म्हणाला. "चार हजार, आणि एकही फुसकं नाही. म्हणून तर वर्षभर थांबलो. तिने दोनदा मागितली, मी दिली नाही. लेकीच्या हातात द्यायची तर चार हजार तरी उडवून बघितलेली हवीत, नाही का?"

मी हार्लनकडे पाहिलं. हार्लन झेंड्याकडे बघत होता. मर्ल वाकून बुटाची नाडी बांधत बसला. त्याच्या बुटाला नाडी नव्हती, चेन होती.

मी शेल्बीजवळ गेलो आणि हळूच म्हणालो, "माझा डबा घे पोरी. दुकानातला आहे, सीलबंद."

"का हो अंकल?" ती हसली. "डॅडी तिथून बघतायत. त्यांना काय वाटेल? रिबीन बांधलीय त्यांनी, बघा तरी."

"ते आहे, पण स्पर्धेत आपलं..."

"आणि तुम्हीच तर सहाशे उडवलीत ना यातली? डॅडी फोनवर सारखं तेच सांगतात. एमरीसारखा चिकित्सक माणूस पास म्हणतो, मग अजून काय पाहिजे!" तिने मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं. "उडवलीत ना?"

मागे लायल उभा होता. सगळा क्लब उभा होता. बायका, पोरं, हॉटडॉग भाजणारा माणूस. आणि मी मनात हिशेब केला, की बहुतेक ठीकच असतात. दहातली आठ.

"हो," मी म्हणालो.

पहिली गोळी कागदाच्या कडेला लागली. दुसरी आत. तिसरी अगदी मध्याला, आणि लायलने टाळी वाजवली. चौथीचा आवाज वेगळाच आला. रिव्हॉल्व्हरचा वरचा भाग जागेवर नव्हता. शेल्बी ओरडली नाही. ती स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत राहिली, आणि मग तिने तो दुसऱ्या हाताने पोटाशी घट्ट धरला.

दुपारी तीनपर्यंत आम्ही सगळे हॉस्पिटलच्या बाकांवर होतो. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन सांगून गेल्या. अंगठा वाचेल. तर्जनीची दोन पेरं गेली. दात साफ करायचं काम या हाताने पुन्हा होईल असं त्यांना वाटत नव्हतं.

मर्लने डोनटचा खोका आणला होता. "बंदूकच जुनी होती रे," तो लायलच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला. "धातू थकतो." हार्लन म्हणाला, "असंच असणार." त्यांच्या ओठांना साखर लागली होती. मला इतकी घाण वाटली की मी उठून खिडकीशी गेलो. खिडकीच्या काचेत मीही दिसत होतो, म्हणून परत फिरलो. तोवर ते दोघं घाईघाईने कोट घालून निघूनही गेले होते.

लायल वही उघडून बसला होता. तो एकेक पान शांतपणे बघत होता. त्याला इतकं लक्ष देऊन काही करताना मी कधीच पाहिलं नव्हतं.

"मला आधी वाटलं, माझीच चूक," तो म्हणाला. "दुप्पट बारूद पडली असेल. मी गचाळ आहे, माहितीय मला. पण बघ, हिचा डबा नऊ तारखेचा. तुझाही त्याच दिवशीचा. एकाच बैठकीत भरलेले. तुझी पन्नासच्या पन्नास नीट गेली. पुंगळ्या मी स्वतः पाहिल्या. म्हणजे मर्ल म्हणतो तेच बरोबर, बंदूकच सडली होती."

मी वहीतल्या माझ्या नावाकडे बघत राहिलो.

"तिला दुसरं घेऊन देतो," तो म्हणाला. "नवं कोरं. बँडेज सुटलं की डाव्या हाताने सुरू करू. घोड्यावरून पडलं की लगेच परत बसवायचं असतं, नाहीतर भीती बसते. या डब्यातली सेहेचाळीस आहेतच अजून."

"लायल," मी म्हणालो, "त्यातलं एकही तिला देऊ नकोस."

"का?"

"मी तुझं एकही काडतूस उडवलेलं नाही."

त्याला आधी कळलंच नाही. तो किंचित हसला. "म्हणजे नऊ तारखेचा डबा राहिलाय होय तुझ्याकडे?"

"कुठलाच नाही. वर्षभरात एकही नाही. मी ती बादलीत टाकली. एक डबा फोडून पाहिला होता पहिल्याच महिन्यात. त्यात एक दीडपट होतं. मी बोललो नाही."

"पण पुंगळ्या," लायल म्हणाला. "पुंगळ्या तर..."

"माझ्या होत्या."

मी वाट बघत होतो की तो मला मारेल. मनगटं तशी असली तरी मारेल. त्याने खिशातून पेन्सिल काढली, जिभेला लावली, माझी ओळ शोधली आणि सहाशेवर काट मारून शून्य लिहिलं.

"मर्ल?" त्याने विचारलं.

"नाही."

त्याने काट मारली. "हार्लन?"

"त्यानेही नाही. कुणीच नाही, लायल."

तो एकेक नाव खोडत गेला. पान उलटायचा, खोडायचा, पुढचं पान. मध्ये एकदा नर्स येऊन काहीतरी सांगून गेली, तरी त्याने वर पाहिलं नाही. शेवटच्या पानावर सकाळी लिहिलेली शेल्बीची एक ओळ उरली होती. तिच्याखाली त्याने बेरीज मांडली.

"चार," तो म्हणाला.

मग त्याने वही मिटली, गुडघ्यावर ठेवली आणि दर शनिवारी बघायचा तसंच माझ्याकडे पाहिलं.

"पण तीन चांगली गेली ना, एमरी?"