कोरेशच्या माणसांचा लोबान

"लोबान पेटवलात, तर मी लेकीला आणि नातवाला घेऊन नेतिवोतला माझ्या घरी निघाले," विहीणबाई म्हणाल्या. आणि ते कुठे? बेर्शेबात, माझ्याच घरात, माझ्याच खुर्चीत बसून! अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या.

गोष्ट नव्व्याण्णव सालची. आम्ही भायखळ्याहून इथं आलेले मराठी ज्यू. माझ्या मुलाला, ओदेदला, लग्नानंतर कितीतरी वर्षं मूल नव्हतं. मी आमच्या एलियाहू हन्नाबीला, एलिया संदेष्ट्याला, नवस बोलले, बाळ होऊ दे, मलिदा करीन. मुलगा झाला! सुंतेच्या आदल्या संध्याकाळी ताट मांडलं. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, फळं, सब्जाची डहाळी. आणि आमच्या घरी मलिद्याला लोबान लागतोच. माझ्या आयनं कधी चुकवला नाही, मग मी चुकवणार? अर्धा फेडलेला नवस फिटत नाही हो.

लोबान फ्रेनीनं आणला होता. ही माझी भायखळ्याची पारशी मैत्रीण, दस्तुरांच्या, म्हणजे त्यांच्या धर्मगुरूंच्या, घरातली. ख्रिस्ती यात्रेकरूंच्या टूरमधून बेथलेहेम बघायला आली होती. मी विचारलं, "तुझं काय गं तिथं?" तर भडकलीच.

"अरे पर्ल, तारा बघून बाळ येशूला भेटायला आले ते मागी कोण होते? आमचे दस्तूर! सोनं, लोबान, हिराबोळ घेऊन आले. आणि ऐक, पुढे इराणी फौज चर्चं पाडत आली ना, तर तिथल्या चर्चच्या भिंतीवर मागींचं चित्र, अंगात इराणी कपडे. फौज म्हणाली, अरे, हे तर आपलेच! हात न लावता परत गेली. तिथले लोक सांगतात."

हे तिनं इंग्रजीत माझ्या सुनेलाही सांगितलं. आणि सुनेनं, एफ्रतनं, भाबडेपणानं ते हिब्रूत आपल्या आईला सांगितलं. आई म्हणजे झोहराबाई, लहानपणी मोरोक्कोहून आलेल्या. झालं! ठिणगी पडली.

"येशूला नेलेला लोबान माझ्या नातवाला? तोही आग पूजणाऱ्या बाईच्या हातचा?"

हिब्रूत तू-तुम्ही काही नाही, पण मनात मी त्यांना तुम्हीच म्हणते. भांडतानासुद्धा.

"मग तो इराणचा कोरेश राजा कोण होता?" मी म्हटलं. "बाबिलोनहून आपल्याला घरी कोणी धाडलं? यरुशलेमला त्याच्या नावानं रस्ता चालतो तुम्हांला, आणि त्याच्या माणसांचा लोबान माझ्या घरात चालत नाही?"

झोहराबाईंनी पिशवी उचलली. एफ्रत रडायला लागली. फ्रेनी उठून म्हणाली, "राहू दे पर्ल, मीच जाते हॉटेलवर." नवस, नातू, मैत्रीण, सगळंच एका झटक्यात दाराबाहेर चाललं होतं.

"जायचं तर जा," मी ओरडले, "पण पोराची दृष्ट काढल्याशिवाय उंबरा ओलांडू देणार नाही!" बाळावरून तुरटीचा खडा ओवाळला आणि रागारागानं निखाऱ्यांवर टाकला. खडा तडतडला, फुगला, वेडावाकडा झाला.

झोहराबाई दारातून परत आल्या, पिशवीसकट.

"कोणाचा चेहरा आला? नजर कोणाची लागलीय?"

"तुम्हांला कसं ठाऊक?" मी विचारलं.

"माझी आई करायची. तुरटी आणि लोबान, प्रत्येक बाळंतिणीच्या खोलीत. इथं आल्यावर शेजारणी हसल्या. म्हणाल्या, हे मूर्तिपूजकांचं. मग तिनं सोडून दिलं." मघाशी आपणही तेच बोललो, हे त्यांना तेव्हाच कळलं असावं. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि फ्रेनीकडे वळून निखाऱ्यांकडे बोट दाखवलं. "आता बघत काय उभी? लोबान टाक! नुसत्या तुरटीनं काय होणार?"

आम्ही तिघी म्हाताऱ्या त्या निखाऱ्यांवर वाकलो. मी म्हटलं, "ही आमच्या बिल्डिंगमधली ग्रेस."

"छे! नाक बघा. ही माझी नणंद," झोहराबाई म्हणाल्या. एफ्रत रडता रडता हसायला लागली. त्या संध्याकाळी मलिद्याचं ताट चाटूनपुसून संपलं.

दुसऱ्या दिवशी सुंतेला नेतिवोतची सगळी मंडळी आली. ती नणंदही आली, आणि आल्याबरोबर नाकाला रुमाल. "हा कसला धूर?"

मी तोंड उघडणार, तोच झोहराबाई धूपदाणी घेऊन तिच्यासमोर उभ्या. "रुमाल काढ! कोरेशच्या माणसांनी आणलाय, आपल्या बाळासाठी. तुला नको असेल तर बाहेर उभी राहा."

आणि मान ताठ करून त्या साऱ्या हॉलभर फिरल्या, फ्रेनीला हाताला धरून. नवस मी बोलले होते, पण फेडत होती माझी विहीण.