दुसरा हुकूम

अमरसिंह सरांना एकच वेड होतं: सगळं काम एका बटणात झालं पाहिजे. आमच्या दूध संघाचं ऑफिस कसबा बावड्याला. सर तिथले साहेब आणि मी, निशिगंधा, आकडे बघणारी एकटीच. दोन मिनिटांच्या कामासाठी ते मला अर्धा दिवस कोड लिहायला लावायचे आणि वर म्हणायचे, "हातानंच करायचं तर तुला कशाला ठेवलीय?"

त्या दिवशी दुपारी सभा होती. कुरुंदवाडच्या बाजूच्या एका गावातली दानम्मा दुधात पाणी घालते, असा आरोप होता. तिच्या दुधाचं फॅट रोज कमी लागत होतं, एवढाच पुरावा. आरोप खरा धरला की तिचं दूध सगळ्यांच्या कॅनमध्ये ओतणार नव्हते, वेगळ्या कॅनमध्ये ठेवणार होते. अख्ख्या रांगेदेखत. गावात याहून मोठी नाचक्की नाही.

त्या गावच्या दूध संकलन केंद्रातल्या फॅट मोजायच्या मशीनच्या फायली मी आदल्या दिवशी बघितल्या होत्या. रांगेत जो शेवटी येईल त्याचं फॅट कमी, मग तो कुणीही असो. मधेमधे मशीन धुतच नव्हते. दानम्माचं घर नदीपलीकडं, म्हणून ती रोज शेवटी. आलेखात सगळं लख्ख दिसत होतं. पण सरांना त्यावर संघाचं चिन्ह पाहिजे होतं, म्हणून तो छापायचा राहिला.

सभेच्या दिवशी सकाळी सरांच्या डोळ्यांत गेल्या वर्षीच्या फायली खुपल्या. 'जुने' नावाच्या फोल्डरमध्ये त्या गपगुमान पडून होत्या. "मी बाहेरून पुसते," मी म्हटलं.

"बाहेर जायाचं न्हाय. सॉफ्टवेअरमधनंच हुकूम सोडायचा. जरा सरक."

आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमधून कॉम्प्युटरला थेट हुकूम देता येतो, हे खरं. पण प्रत्येक हुकमाला ते नवा गडी धाडतं. पहिल्याला 'जुने'मध्ये जा म्हटलं, तो गेला, त्याचं काम संपलं. दुसऱ्याला तिथलं सगळं पूस म्हटलं, तर तो अजून आपल्याच दारात, म्हणजे यंदाच्या फायलींच्या फोल्डरमध्ये उभा. मग तो दारातलंच पुसतो. "सर, दोन्ही एकाच हुकमात द्या," असं मी म्हणेपर्यंत सरांनी बटण दाबलंसुद्धा.

'जुने' जसंच्या तसं राहिलं. यंदाच्या सगळ्या फायली गेल्या, आलेखासकट. असं पुसलेलं कॉम्प्युटरच्या कचरापेटीतही सापडत नाही. तरी मी तिथं खुळ्यासारखी शोधत बसले.

केंद्रावरच्या शिवपुत्रला फोन लावला. मशीनमध्ये रेकॉर्ड असेलच ना?

"न्हाय मॅडम. पेन ड्राइव्ह धाडला की मेमरी पुसायची, तुमीच सांगितलंय न्हवं?"

सांगितलं होतं. मशीन भरून बंद पडायचं म्हणून. पेन ड्राइव्हही मीच रिकामा करून परत धाडला होता. मला माझाच संताप आला, आणि सरांचा त्याहून जास्त. ते फोनवर सभेसाठी चहा सांगत होते.

सभेत सर म्हणाले, "कॉम्प्युटरनं घोळ केलाय."

मी उठले. "कॉम्प्युटरनं नाही, सरांनी पुसलंय. आकडे दानम्माआक्कांच्या बाजूनं होते. मशीन न धुतल्यानं फॅट कमी लागतंय. मी बघितलंय."

अध्यक्ष हंबीरराव शांत होते. "बघितलंस म्हणतीस. मग दाखव की."

दाखवायला माझ्याकडं काय होतं? निदान मशीन तरी धुवा म्हटलं, तर पुराव्याबिगर मशीनला नावं ठेवायची न्हाईत, म्हणाले. महिनाभर पुन्हा मोजायचं ठरलं. तोवर दानम्माचं दूध वेगळं. सर माझ्याकडं बघतसुद्धा नव्हते.

दानम्मा बाहेर पायरीवर बसली होती. ती मला तंगी म्हणते, धाकट्या बहिणीला म्हणतात तसं. मी तिला सगळं खरं सांगून टाकलं, फायलींचंही आणि मशीनचंही. तिनं नीट ऐकून घेतलं आणि तिचा चेहरा जरा उजळला.

"म्हंजे शेवटाला आलं की कमी लागतंय, व्हय? मग सोपं हाय की, तंगी. उद्यापासनं मी अंधाराचीच निघते आन् पैल्या नंबराला हुबारते."

वेगळ्या कॅनचं दूध सगळ्यांचं झाल्यावर मोजतात, हे तिला अजून कुणी सांगितलं नव्हतं.