ज्यावर माणूस बसतो

भांडण खुर्च्यांवरून सुरू झालं. आमच्या स्वस्त खुर्च्यांमुळे पलीकडच्या देशातले कारखाने बसले, म्हणून दोन्ही सरकारांनी करार केला: सीमेवरच्या पुलावरून एकही खुर्ची जायची नाही. आमचे व्यापारी कसले गप्प बसतात? त्यांनी त्याच खुर्च्या 'उंच पाट' म्हणून धाडल्या. मग करारात सातवं कलम घुसडलं गेलं: ज्यावर माणूस बसतो, ती खुर्ची.

ते पाळलं जावं म्हणून पुलाच्या नाक्यावर सरकारने एक बसणारा नेमला. नोकरीच तशी होती. पंच्याण्णव किलोचा, सभ्य माणूस. येईल त्या मालावर अर्धा मिनिट बसायचा. माल टिकला, की खुर्ची. त्याच्याखाली ट्रंका, पिंपं आणि एकदा तर कलिंगडंही खुर्ची ठरली होती.

मी सुतार. माझी लेक पलीकडे दिलीय. तिला मुलगा झाला आणि तो फळांच्या खोक्यात झोपतो असं कळल्यावर बायकोने माझ्याशी अबोला धरला. त्याआधी एवढंच म्हणाली, "गावाची दारं-खिडक्या करता, आणि आपला नातू खोक्यात."

मी सागवानी पाळणा केला. एक खिळा नाही, सगळे सांधे खाचेत बसवलेले. कडेच्या दांड्या इवल्याशा मुठीत मावतील अशा गोल घासल्या. नाक्यावर बसणारा त्यात बसला. पाळणा कुरकुरलासुद्धा नाही. त्याने दोन झोके घेतले, डोळे मिटले आणि मग नाइलाजाने उठला.

"सुतारबुवा, काम झकास आहे. म्हणून तर वाईट वाटतं. खुर्ची."

"अहो, पाळण्यात कुणी बसतं का?"

"मी बसलो की."

सुटा करून न्यावा, तर बसणारा प्रत्येक फळीवर बसला असता. मी सातवं कलम पुन्हा वाचलं आणि नाक्याच्या साहेबांसमोर उभा राहिलो. "हा ज्याच्यासाठी केलाय त्याला बसताच येत नाही. तो नुसता झोपतो."

साहेबांनी कान खाजवला. "मुद्दा आहे. अर्ज करा."

अर्ज दोन्ही देशांच्या समितीकडे गेला. तान्हं मूल हे माणूस आहे का, हे ठरायला तीन महिने गेले. आहे, असं ठरलं. अर्धा मिनिट कुठल्या देशाच्या घड्याळाने मोजायचा, यात आणखी तीन गेले. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात, ते शब्दशः खरं झालं.

अखेर पुलाच्या मध्यावर पाळणा मांडला. बाळ त्यात अर्धा मिनिट बसलं तर खुर्ची, नाही तर पाळणा. इकडचे चार अधिकारी, तिकडचे चार. लेक बाळाला घेऊन आली. बायको माझ्या शेजारी उभी होती, अजूनही मुकी.

"आडवा ठेव गं त्याला," मी म्हणालो.

लेकीने ठेवला. बाळाने आठ साहेबांकडे पाहिलं, मग पाळण्याच्या दांडीकडे. दांडी मुठीत बरोबर मावली. त्याने जोर लावला, लाल झाला आणि उठून बसला. जन्मात पहिल्यांदा.

"बाबा, बसला," लेक म्हणाली. तिचे डोळे भरले होते. माझेही. आयुष्यात हजार सांधे बसवले, पण असा आनंद कशाने झाला नव्हता.

"आठ सेकंद," तिकडचे साहेब म्हणाले.

बसणारा माझ्या कानाशी वाकला. "अजून वेळ आहे. हळूच आडवा करा. मी बघत नाही." आणि खरंच, त्याने तोंड फिरवलं.

बाळ डुगडुगत होतं. नुसतं बोट लावलं असतं तरी आडवं झालं असतं. बायको सहा महिन्यांनी बोलली. "अहो, पडेल तो."

मी हात पुढे केला. बाळाच्या पाठीमागे धरला आणि अर्धा मिनिट पुरा होईपर्यंत तसाच धरून ठेवला.