वास गेल्यावर

दादा तेलाच्या टाकीच्या माथ्यावर कोसळून गेला, त्याला वर्ष होत आलं होतं. आता त्याच्याच जागेवर त्याचा धाकटा भाऊ कच्च्या तेलाची पातळी मोजत होता. लोखंडी जिना चढायचा, झाकण उघडायचं, पितळी वजनाची मापपट्टी आत सोडायची आणि वाकून आकडा वाचायचा.

"झाकण उघडलं की कुजक्या अंड्यांचा वास येणार," दादानंच त्याला शिकवलं होतं. "घाई नाही करायची. वास गेला की वायू गेला. मग बिनधास्त वाक."

छातीवर लावायचं, विषारी वायूचा इशारा देणारं यंत्र सगळेच कपाटात ठेवत. सारखं किंचाळतं, म्हणून त्याचं नाव पडलं होतं रडका. धाकट्यानं ते पहिल्या दिवशी लावलं, तेव्हा फिटर म्हणाला होता, "काय राव, तान्हं बाळ घेऊन आलात कामावर?" दादाचा रडकाही त्या दिवशी कपाटातच होता.

एका संध्याकाळी धाकटा स्वयंपाकघरात पेपर वाचत बसला होता. वहिनी बाहेरून आली ती नाकाला पदर लावूनच. शेगडीवरचं दूध जळून पातेलं काळंठिक्कर पडलं होतं.

"भावजी, पार जिन्यापर्यंत घाण सुटलीय! नाक गहाण ठेवलंत की काय?"

"मला नाही आला वास."

वहिनीचं हसू विरलं. तिनं पातेलं खाली उतरवलं. "ह्यांचंही शेवटी शेवटी असंच झालं होतं," ती हळूच म्हणाली. "मी म्हणायची, सर्दी असेल."

धाकटा पातेल्याकडे बघत राहिला. वास घरभर होता. गेलं होतं ते फक्त त्याचं नाक, रोज तो वायू हुंगून. आणि दादा तिथे वर वास जायची वाट बघत थांबला होता.

सकाळी त्यानं रडका छातीला लावला. फिटर हसला, त्यानं लक्ष दिलं नाही.

वर झाकण उघडलं. उग्र भपकारा घशाशी आला आणि बघता बघता नाहीसा झाला. हवा कशी धुतल्यासारखी वाटली. रडका मात्र ऊर फुटेस्तोवर किंचाळत होता.

धाकटा मापपट्टी तिथेच टाकून जिन्याकडे वळला. मागून आवाज आला, ओळखीचा, समजावणीचा.

"गेला बघ वास. वाक आता."

त्यानं कठडा घट्ट धरला. मागे पाहिलं नाही.

"दादा," पायरी उतरता उतरता तो म्हणाला, "तूही चल खाली."