एकोणीस पिंपांची झारी

"मेलं नाक नुसतं चोंदलंय! आणि नेमकी आजच पिंपं भरायचीत," मला पुसता पुसता मळेवाल्यांची लेक माझ्या तोंडाशीच पुटपुटली. शिंकली, आणि पुन्हा पुसायला लागली.

मित्रांनो, मी एक जुनी झारी आहे. तांब्याची, आतून कल्हई केलेली, बगळ्यासारख्या लांब मानेची. एका छोट्याशा द्राक्षमळ्याच्या तळघरात राहते. या लेकीच्या आजोबांनी दगडाळ उतारावर कॅबर्ने द्राक्षांचे वेल लावले, तेव्हा लोक हसले होते. त्याच वर्षी त्यांनी मला घडवून घेतलं. आजही इथे जेमतेम एकोणीस पिंपं वाइन होते. ती मिळावी म्हणून लोक नऊ-नऊ वर्षं यादीत नाव लावून बसतात. मिळाली की पीत नाहीत म्हणे, कपाटात ठेवून नुसती बघतात. असो बापडे.

माझं काम साधं. लाकडी पिंपं श्वास घेतात. त्यांच्यातली थोडी वाइन दर आठवड्याला हवेत विरते, अर्धवट झोपेतल्या विचारासारखी. रिकाम्या जागेत हवा साचली तर उरलेली बिघडते. म्हणून राखणीच्या, म्हणजे भर घालायला बाजूला ठेवलेल्या, लहान पिंपातली वाइन माझ्यात काढायची, हुंगायची आणि मग एकेक पिंप काठोकाठ भरायचं. आधी आजोबा हुंगत, नंतर लेकीचे बाबा. बाबांच्या नाकाची कीर्ती अशी, की पाहुणे वाइन सोडून त्यांचेच फोटो काढत. माझेही काढत, आणि मला घासायची आठवण तेवढ्यापुरतीच होई.

दोन वर्षांपूर्वी एका तापानंतर बाबांना वास येईनासा झाला. ते बोलले नाहीत. लेकीने ओळखलं, तीही बोलली नाही. मला त्यांच्या हाती देण्याआधी ती गुपचूप हुंगायची आणि अंगठीने माझ्या पोटावर वाजवायची. एकदा टक म्हणजे चांगली, दोनदा म्हणजे बिघडलेली, हे दोघांत न बोलताच ठरून गेलं होतं. मग बाबा डोळे मिटून हुंगायचे आणि तेच सांगायचे.

आज वाइन माझ्यात उतरली आणि मी शहारले. आंबली होती! राखणीच्या पिंपाचं बूच सैल राहिलं असणार. माझ्या एका फेरीत एकोणीसही पिंपं नासली असती. मला तोंड आहे, मान आहे, पण आवाज नाही.

लेकीच्या चोंदलेल्या नाकाला काहीच कळेना, म्हणून तिने मला न वाजवताच बाबांच्या हाती दिलं. बाबा टकटकीची वाट बघत राहिले. मग त्यांनी डोळे मिटून मला हुंगलं.

"झकास आहे," ते शेवटी म्हणाले आणि त्यांनी मला पहिल्या पिंपावर वाकवलं.

लेकीने पिंपाच्या तोंडावर तळहात ठेवला. "बाबा, थांबा. आज नको."

"का गं? मी हुंगलीय ना."

"मला सर्दी झालीय."

"सर्दी तुला झालीय. हुंगतोय मी."

लेकीने नाक पुसलं. पण हात काही तिने काढला नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू घासूनपुसून ठेवा, एवढंच मागणार होते मी. त्या क्षणी वाटलं, आणखी एक मागावं. ज्यांना जिवापाड जपता, त्यांच्याशी बोलतही जा.

बाबांनी मला सावकाश सरळ केलं आणि जमिनीवर ठेवलं. पिंपाला बूच लावलं. खिशातला रुमाल काढून लेकीपुढे धरला.

"मला कशाचाच वास येत नाही गं," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली."