तीन हातांची जीप

मी एक जुना व्हिडिओ गेमचा डबा आहे. माझ्या जातीचे डबे टीव्हीखाली, पंख्याच्या वाऱ्यात, पुसलेल्या काचेच्या कपाटात बसतात. मी मात्र कलबुर्गीकडच्या मादन हिप्परगा या गावातल्या एका जुन्या जीपच्या डॅशबोर्डात लोखंडी पट्टीने आवळून बसवलेला आहे. अंगात वावराची धूळ गेली आहे. आतला पंखा घरघरून झिजला आहे. मित्रांनो, मी दमलो आहे. पण दमलेल्यालाही कधीतरी आपले सांगावेसे वाटते, आणि मला आजपर्यंत सगळ्यांनी बटणेच दाबून विचारले, तोंडाने कोणी विचारले नाही.

माझा जन्म लांबच्या देशात, एका मोठ्या कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या कुणीतरी माझे झाकण बसवले आणि मी खोक्यात गेलो. खोके उघडले ते कलबुर्गीला, गिरिधर नावाच्या मुलाने. त्या घरात माझे फार लाड झाले. शाळा सुटली की गिरिधरचे मित्र माझ्यापुढे कोंडाळे करून बसत. माझी गाड्यांची शर्यत त्यांना तोंडपाठ होती. मग गिरिधर मोठा झाला, नोकरीसाठी बेंगळुरूला गेला, आणि मला एका जुन्या उशीच्या अभ्र्यात घालून माळ्यावर टाकण्यात आले. तिथे पालीची आणि माझी बरीच वर्षे ओळख होती. तिने मला कधी त्रास दिला नाही.

मला खाली उतरवले गिरिधरच्या बहिणीने, नेत्राने. ती आळंदच्या दवाखान्यात लुळ्या पडलेल्या हातापायांना व्यायाम द्यायचे काम करत होती. तिच्याकडे येणाऱ्यांत व्यंकट नावाचा एक जीपवाला होता.

व्यंकटने मादन हिप्परगा ते आळंद या वाटेवर उभी हयात जीप चालवली होती. रस्त्यातला खड्डा न खड्डा त्याच्या ओळखीचा. एके सकाळी त्याच्या अंगावरून वारे गेले. बोलणे वाचले, उजवी बाजू वाचली. डावा पाय फरफटू लागला आणि डावा हात तर मेल्यासारखा लटकू लागला. गिअर डाव्या हाताने टाकायचा असतो, हे तुम्हाला ठाऊक असेलच. तेव्हा जीप अंगणात उभी राहिली, आणि व्यंकट सकाळी चहा घेतला की जीपमध्ये जाऊन स्टेअरिंगसमोर बसू लागला तो दिवस मावळेपर्यंत. व्यायाम करायचा नाही, घरात यायचे नाही, कुणाशी बोलायचे नाही. आळंदचा मल्लप्पा जीप विकत घ्यायला तयार होता. तुरीची रास होईपर्यंत हात आला तर ठीक, नाहीतर जीप द्यायची, असे घरात ठरले होते. ठरवले सगळ्यांनी. व्यंकट हो म्हणाला नव्हता, नाहीही म्हणाला नव्हता.

त्याची बायको ज्योती नेत्रापुढे रडकुंडीला आली. "अक्का, काय सांगू? घरात टीव्ही हाय, पलंग हाय, पर ह्यांचा जीव त्या जीपमदीच गुतलाय. बोटं हलवा म्हणलं की माझ्याकडं असं बघायलेत, जसं मीच त्यांचा हात पळवून न्हेला."

नेत्राला तेव्हा मी आठवलो. गेम खेळायचा तर डावा अंगठा हलवावाच लागतो. आणि माणूस जीपमधून बाहेर येत नसेल, तर गेमनेच जीपमध्ये जावे, असे तिने ठरवले.

असा मी डॅशबोर्डात आलो. हे काम गुरप्पाने केले. गुरप्पा म्हणजे आळंदचा गाड्यांचा वायरमन; कानडीत सुरू करतो आणि मराठीत संपवतो. त्याने आधी जीपचा जुना टेप काढला. त्या भोकात मी मावेना. मग त्याने डाव्या बाजूचा खण ब्लेडने कापून मोठा केला आणि मला तिथे आडवा सरकवून पट्टी आवळली. मधोमध छोटा स्क्रीन लावला, सीटखाली इन्व्हर्टर ठेवला, बॅटरीपासून वायरी ओढल्या. डॅशबोर्डावर गाणगापूरच्या दत्तमहाराजांचा फोटो होता, तो सरकवून स्क्रीनच्या वरच्या अंगाला चिकटवला. व्यंकट हे सगळे मान फिरवून बसला होता. टेप निघाला तेव्हा फक्त एकदा म्हणाला, "जपून काढ. त्याच्यावर लई गाणी झालीत." मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. दुसऱ्याला उठवून आपण बसायचे, यात कसला आनंद?

पहिल्यांदा चालू केले तेव्हा फ्यूज उडाला. दुसऱ्यांदा धूर निघाला. तिसऱ्यांदा स्क्रीनवर माझी लाल गाडी दिसली आणि गुरप्पा म्हणाला, "आय्तु, झालं अण्णा. आता पळवा गाडी."

व्यंकटने दोन दिवस माझ्याकडे पाहिले नाही. मी नुसता चालू. लाल गाडी शर्यतीच्या रेषेवर उभी राहून धूर सोडत होती. शेवटी ते त्याला बघवेना. ज्याची हयात गाडीत गेली, त्याच्यासमोर गाडी नुसती उभी ठेवून बघा. त्याने उजव्या हाताने डावा हात उचलून माझ्या वायरच्या रिमोटवर ठेवला आणि पुटपुटला, "उभी कामून ठिवलीस रे? डिझेल जळायलंय."

त्या दिवसांची आठवण झाली की दमलेल्या अंगातही मला हसू येते. माझ्या गेममध्ये क्लच नाही, ब्रेकही बटणाचाच. पण व्यंकट वळण आले की जीपचा खरा क्लच दाबायचा, खरा ब्रेक मारायचा. स्क्रीनवरची पुढची गाडी बाजूला झाली नाही, की तो जीपचा खरा हॉर्न वाजवायचा. गल्लीतली म्हातारी गंगम्मा आपली शेळी ओढत कडेला व्हायची आणि मग जीप जागची हललीच नाही हे बघून ओरडायची, "अरे व्यंकट्या, जायचं तर जा, न्हाईतर गप बस!" सारखा क्लच दाबून दाबून त्याच्या डाव्या पायात जोर आला. दिवाळीपर्यंत तो काठी टेकत विहिरीपर्यंत जाऊ लागला. नेत्राला एवढा आनंद झाला, की तिने माझ्यावरची धूळ स्वतःच्या ओढणीने पुसली. माझ्या म्हातारपणातले ते पहिले आणि शेवटचे कौतुक.

पण मला आणले होते हातासाठी. आणि हातापुढे माझे काही चालेना. व्यंकट लबाड होता. कोणी बघत नसले की रिमोट मांडीवर ठेवून डाव्या बाजूची बटणेही उजव्या हाताने दाबायचा. नेत्राने त्याला एकदा पकडले. "अण्णा, हे चालायचं नाही हं. उजवा हात मागं घ्या बघू." त्याने घेतला. डावा अंगठा बटणावर ठेवला. कपाळावर घाम आला. लाल गाडी सरळ जाऊन भिंतीवर आदळली. पुन्हा सुरू केली, पुन्हा आदळली. रोज तेच. एकदा कधीतरी अंगठा जरासा दबला आणि गाडी किंचित डावीकडे वळली. व्यंकट ओरडलाच, "ज्योते, वळली! वळली बघ!" ज्योती पिठाच्या हातांनी धावत आली. पण तोवर गाडी भिंतीत गेली होती. ज्योती तिथेच उभी राहून पुढच्या वळणाची वाट बघत राहिली. ते वळण काही आले नाही.

अशात बॅटरी उतरली. जीप उभी आणि मी दिवसभर तिचे रक्त पीत बसलेलो, दुसरे काय होणार? ज्योती ती जड बॅटरी उचलून बसने आळंदला न्यायची, भरून आणायची. आठ दिवसांत पुन्हा उतरायची. तिची कंबर धरली. तिसऱ्या वेळी गुरप्पा स्वतःच आला आणि टायरला लाथ मारून म्हणाला, "अक्का, उभ्या गाडीवर डबा चालवाल तर असंच होणार. टायरबी बसायलेत. गाडी रोज पळाली पायजे. पळंल तशी बॅटरी भरंल. कुणीतरी चालवा."

"कोन चालवनार?" व्यंकटचा आवाज एकदम चढला. "माझ्या स्टेरिंगला दुसऱ्याचा हात लागायचा न्हाई. डबा बंद करा. रास झाली की मल्लप्पाला घिऊन जाऊ द्या. मिटलं."

गुरप्पा पान्हे गोळा करू लागला. मला वाटले, आता पुन्हा अभ्रा, पुन्हा माळा. मला वाईट वाटले नाही, मित्रांनो. थकल्यावर माळाही बरा वाटतो. वाईट वाटले ते व्यंकटच्या तोंडाकडे बघून.

तेव्हा ज्योती म्हणाली, "मी चालविते."

व्यंकट तिच्याकडे बघतच राहिला. जी बाई त्याच्या जीपमध्ये कधी पुढच्या सीटवरही बस म्हटल्याशिवाय बसली नव्हती, ती दार उघडून उभी होती. "सरका तिकडं," ती म्हणाली. "हात न्हाई चालत, तोंड तर चालतंय न्हवं? तोंडानं शिकवा."

आणि व्यंकट सरकला. डाव्या सीटवर, माझ्या अगदी समोर येऊन बसला.

ज्योतीने शिकाऊ परवाना काढला आणि जीप गावाबाहेरच्या माळावर जाऊ लागली. पहिले दिवस काय वर्णावेत! जीप बेडकासारखी उड्या मारायची आणि बंद पडायची. माझे सगळे स्क्रू ढिले झाले. ज्योतीला स्टेअरिंग जमले, क्लच जमला. पण गिअर टाकायची वेळ आली की तिची नजर खाली दांड्याकडे जायची आणि जीप तुरीत शिरायची. व्यंकट आधी ओरडायचा. मग ती त्याच्या वरताण ओरडायची. एकदा ती जीप तशीच तुरीच्या धसकटात सोडून खाली उतरली आणि बांधावर जाऊन बसली. "न्हाई जमायलंय मला. विका ती जीप. मी दमले आता, लई दमले." पदराने तोंड झाकून ती खूप रडली. जीपमध्ये आल्यापासून ती रडलेली मी पाहिली नव्हती. रडकुंडीला यायची, पण रडायची नाही.

व्यंकट फरफटत बांधापर्यंत गेला. तिच्या शेजारी टेकला. मग म्हणाला, "चल. तू म्होरं बघ आन् फकस्त क्लच दाब. गिअरचं मी बघतो."

डाव्या सीटवर बसलेल्या माणसाचा उजवा हात कुठे येतो, मित्रांनो? बरोबर गिअरच्या दांड्यावर. आणि व्यंकटचा उजवा हात धडधाकट होता. ज्योतीने क्लच दाबला आणि म्हणाली, "टाका." त्याने पहिला गिअर टाकला. जीप हलली. "टाका." दुसरा. "टाका." तिसरा. माळ संपला, गाडीवाट लागली. व्यंकट डोळे मिटून बसला होता. इंजिनाच्या आवाजावरून गिअर कधी टाकायचा ते त्याला कळत होते. तिने "टाका" म्हणायच्या आधीच हात तयार असायचा. थोड्या दिवसांनी ती म्हणायचीही बंद झाली.

रास झाली. ठरल्याप्रमाणे मल्लप्पा जीप न्यायला आला, तर अंगण रिकामे. तो दारातच उभा होता तेवढ्यात जीप आत आली. स्टेअरिंगवर ज्योती, गिअरवर व्यंकट, मागे बाजाराहून आलेल्या बायका आणि त्यांच्या पाट्या. मल्लप्पाने तोंडात बोट घातले. "अण्णा, हे काय करायलाव? जीप द्यायची हाय न्हवं?"

व्यंकट सावकाश उतरला. जीपच्या टपावर हात ठेवून म्हणाला, "न्हाई द्यायची. माझ्याकडं होती तवा हिला दोनच हात होते. आता तीन हायती."

मागच्या बायका हसल्या. ज्योती हसली नाही. ती चावी हातात धरून दुसरीकडे बघत राहिली, कारण तिचे डोळे भरून आले होते.

पुढे ज्योतीने पक्का परवाना काढला. परीक्षेला तिने एकटीने सगळे गिअर टाकून दाखवले. तिला ते केव्हाच येऊ लागले होते. पण व्यंकट शेजारी बसला की अजूनही तिचा डावा हात गिअरकडे जात नाही. ती क्लच दाबते आणि थांबते. त्याला हे कळते का, मला माहीत नाही. बहुतेक कळते.

आणि माझे काय? जीप रोज पळते. बॅटरी कायम भरलेली असते. पण आता मला चालू करायला कुणाला सवड नाही. माझा स्क्रीन काळाच असतो आणि त्यात दत्तमहाराजांच्या फोटोच्या उदबत्तीचा धूर दिसतो. गुरप्पा परवा म्हणाला, "अण्णा, हा डबा काढून टाकू का? इथं टेप बसवतो पुन्हा." व्यंकट म्हणाला, "बघू." ते बरोबरच आहे. ज्या कामासाठी मला आणले ते माझ्या हातून झाले नाही. डावा हात आला नाही. आता येणारही नाही, असे नेत्राने ज्योतीला बाजूला घेऊन सांगितले. जीपमध्ये बसून सांगितले, म्हणून मी ऐकले.

तरी एक गोष्ट आहे, ती कुणालाच ठाऊक नाही. जीप निघाली की व्यंकट सवयीने माझा रिमोट मांडीवर घेतो आणि डावा हात त्यावर ठेवतो. मी बंद. स्क्रीन काळा. त्याचे लक्ष रस्त्यावर, उजवा हात गिअरवर. आणि आळंदच्या अलीकडचे वळण आले, की त्याचा डावा अंगठा बटणावर जरासा दबतो. त्याने कुठलीच गाडी वळत नाही. व्यंकटलाही ते कळत नाही. पण रिमोटची वायर माझ्यातच येते, त्यामुळे मला कळते.

म्हणून, मित्रांनो, जुन्या वस्तूंनी मागायची रीत असते तसे मीही एक मागतो. मला चालू करू नका. पुसलेही नाही तरी चालेल. माझ्या जागी टेप बसवायचा असेल तर मला सीटखाली सरकवा, मी तिथे गप पडून राहीन. फक्त ती वायर काढू नका.